नव्या वाद्याचा नाद

गेल्या वर्षभरांत निदान सहासात पालकांनीं आम्हांस एकच प्रश्न विचारिला: "मुलगा वर्कस्टेशन पाहिजे म्हणून हट्ट धरून बसला आहे, घ्यावें कीं न घ्यावें?" शाळेंतील कांहीं विद्यार्थ्यांनीं तर प्रार्थनामंदिरांतील जुना ऑर्गन काढून त्याच्या जागीं असें एखादें नवें वाद्य आणावें, असा अर्जच दिला असून त्यावर तीसांहून अधिक सह्या आहेत. ज्या वस्तूची किंमत लाखांत मोजावी लागते तिच्याविषयीं 'चांगली आहे' किंवा 'वाईट आहे' असें मोघम उत्तर देऊन भागत नाहीं. म्हणून या विषयांत थोडें खोल शिरून आमचें मत वार्षिकांत उघडपणें मांडावें, असें आम्हीं ठरविलें. मत आमचें आहे; शाळेच्या चालकांचें नव्हे.

'वर्कस्टेशन' हा शब्द ऐकून पुष्कळांस संगणकाच्या कचेरीची आठवण होते, व ती अगदींच अस्थानीं नाहीं. सुतार आपल्या बैठकीपाशीं करवत, रंधा, पटाशी सर्व हाताशीं ठेवितो; तसें ज्या एकाच वाद्यांत आवाज उत्पन्न करण्याची योजना, वाजविलेलें लक्षांत ठेवून पुन्हां वाजवून दाखविणारी वही, आणि त्या आवाजास घुमारा, पडसाद इत्यादि देण्याचीं साधनें एकत्र बसविलेलीं असतात, त्यास हें नांव देतात. अशीं यंत्रें पूर्वींहि होतीं. ऑस्ट्रेलियांतील 'फेअरलाइट' हें 1979 सालचें यंत्र घेण्यास एखाद्या घराइतकी किंमत मोजावी लागे. परंतु साधारण धंदेवाईक वादकाच्या आटोक्यांत ही कल्पना आणली ती जपानांतील कॉर्ग कंपनीच्या 'एम 1' या वाद्यानें, 1988 सालीं. त्यास 61 पट्ट्या, एका वेळीं निघणारे स्वर 16, नोंदवही आठ पदरांची, आणि सर्व आवाजांचा सांठा अवघ्या 4 मेगाबाइटांत! आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रासहि कित्येकदां याहून अधिक जागा लागते. तरी त्यांतील पियानोचा टणत्कार पुढील दशकांत जगभरच्या नृत्यगीतांतून इतका घुमला कीं, ज्यांस त्या यंत्राचें नांवहि ठाऊक नाहीं त्यांच्याहि कानांवरून तो गेलेला आहे.

आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं सध्यां जें नांव आहे तें यामाहा कंपनीच्या 'मोंटाज एम'चें. हें वाद्य 2023 सालच्या ऑक्टोबरांत बाहेर पडलें. त्याचे तीन प्रकार: 61 पट्ट्यांचा, 76 पट्ट्यांचा, आणि 88 पट्ट्यांचा. त्यांपैकीं शेवटच्याच्या पट्ट्या पियानोप्रमाणें वजनदार आहेत. कंपनी त्यास वर्कस्टेशन न म्हणतां सिंथेसायझर म्हणते, आणि तें रास्त आहे. कारण आवाज निर्माण करणें हें त्याचें मुख्य अंग असून नोंदवहीचें अंग दुय्यम आहे. कॉर्गच्या 'नॉटिलस'मध्यें 16 पदर स्वरांच्या नोंदीचे व शिवाय 16 पदर प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचे आहेत. ज्यास एकट्यानें सबंध गीत गाण्यासह मुद्रित करावयाचें आहे त्यास तेंच अधिक सोयीचें. पण मुलांस हें सांगून उपयोग नाहीं. त्यांचें मन नांवावर बसलेलें असतें.

आतां आवाजाविषयीं. मोंटाज एममध्यें आवाज उत्पन्न करण्याच्या तीन निरनिराळ्या रीति एकत्र नांदतात, आणि या तिहींत गेल्या साठ वर्षांचा इतिहास सांठलेला आहे. पहिली रीत नमुन्याची. खऱ्या पियानोचा, व्हायोलिनचा किंवा बांसरीचा एकेक स्वर मुद्रित करून ठेवावयाचा आणि पट्टी दाबतांच तो बाहेर सोडावयाचा. मुद्रण म्हणजे तरी काय? ध्वनीची लहर दर सेकंदास 44,100 वेळां मोजून त्या मापांचे आंकडे लिहून ठेवणें. असे सुमारें 10 गिगाबाइट आंकडे या वाद्याच्या पोटांत आहेत. म्हणजे 'एम 1'च्या सुमारें अडीच हजार पट.

दुसरी रीत आम्हांस स्वतःस सर्वांत मनोवेधक वाटते. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन चाउनिंग नांवाचे एक संगीतकार होते. 1967 सालीं संगणकावर प्रयोग करीत असतां त्यांच्या असें ध्यानांत आलें कीं, एका स्वराचा कंप अतिशय जलद केला म्हणजे तो कंप म्हणून ऐकूं न येतां त्या स्वराचा रंगच पालटतो. गवय्या स्वर हालवितो तेव्हां सेकंदास पांचसहा हेलकावे असतात. तेच शेंकड्यांनीं केले तर साध्या शिटीसारख्या स्वरांतून घंटा, पितळी कर्णे, लांकडी ठोके असे नाना ध्वनि जन्मास येतात. हा शोध यामाहा कंपनीनें घेतला व 1983 सालीं त्यावरून 'डीएक्स 7' हें वाद्य काढिलें. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या वरच्या वर्गांतील मुलांनीं ही गोष्ट विसरूं नये: दोन लहरी, त्यांतील एकीनें दुसरीस हालवावयाचें, एवढ्याच भांडवलावर हें सारें वैभव उभें आहे. 'डीएक्स 7'मध्यें अशा सहा लहरींची गुंफण करतां येई; मोंटाजमध्यें आठांची होते.

तिसरी रीत म्हणजे जुन्या विद्युन्मंडलांची नक्कल. रॉबर्ट मूग यांनीं 1964 सालीं अमेरिकेंत ज्या जातीचें वाद्य प्रथम बनविलें, त्याचा भरदार व किंचित् खरखरीत आवाज येथें गणितानें पुन्हां उभा केलेला आहे. तिन्ही मिळून 400 स्वर एका वेळीं निघूं शकतात. माणसास बोटें दहा असतां एवढे स्वर कशास, असें कोणी विचारील. पायानें पेडल दाबून ठेविलें म्हणजे मागील स्वर विरत असतांच पुढील सुरू होतात. शिवाय एकेका पट्टीखालीं तीनचार आवाज एकावर एक रचलेले असतात. म्हणून ही बेरीज हां हां म्हणतां वाढते. तरी 400 पर्यंत ती कोणा शाळकरी मुलाच्या हातून जाईल असें आम्हांस वाटत नाहीं.

हें वाद्य पुण्यास आमच्या एका स्नेह्यांकडे दोन दुपार सावकाश ऐकावयास मिळालें. पियानो उत्तम. खर्जांतील जाड तारांचा गुंजारव खरा वाटतो, आणि मुख्य म्हणजे हळू दाबलें असतां आवाज नुसता लहान न होतां मऊहि होतो, जोरानें दाबलें असतां तो उजळतो. हलक्या वाद्यांत नेमकें हेंच नसतें. दुसऱ्या रीतीनें निघणाऱ्या घंटा व विजेवरील पियानो तर इतके निर्मळ आहेत कीं, ऐकतच राहावें. पुष्कळ व्हायोलिनें एकदम वाजल्याचा आवाजहि पटतो. पण एकट्या व्हायोलिनचा? एकट्या बांसरीचा? पहिला स्वर फसवितो. दुसऱ्या स्वरास कान टंवकारतात. तिसऱ्यास कळून चुकतें कीं श्वास तोच आहे, फुंकरीची सुरुवात तीच आहे. माणूस एकच स्वर दोनदां सारखा वाजवूं शकत नाहीं, आणि त्याच्या या उणेपणावरूनच आपला कान त्यास ओळखतो.

आपल्या संगीताची गोष्ट आणखी निराळी. षड्जावरून ऋषभावर जातांना मधली वाट सुद्धां गावयाची असते. पट्ट्यांच्या वाद्यांत ती वाटच नाहीं, पायऱ्या तेवढ्या आहेत. पेटीवर हा आक्षेप जुना आहे. 1940 सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीस बंदी घातली ती याच मुद्द्यावर, आणि ती शिथिल होण्यास 1971 साल उजाडावें लागलें. दुसरा आक्षेप श्रुतींचा. सप्तकाचे बारा समान भाग केल्यामुळें पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यांतून आपोआप ऐकूं येणाऱ्या गंधाराहून चढा पडतो. अर्धस्वराचे शंभर भाग मानले तर सुमारें चौदा भागांनीं चढा. तयार कानास हें खुपतें.

आतां येथें आम्ही नव्या वाद्याची बाजू घेणार आहों. मोंटाजमध्यें प्रत्येक स्वर पाहिजे तितका चढवून किंवा उतरवून ती जुळणी सांठवून ठेवतां येते. पेटींत हेंच करावयाचें म्हणजे एकेक स्वराची पितळी जीभ काढून कानशीनें घासावी लागते, आणि जास्त घासली गेली तर ती जुळवून आणण्यास पुन्हां तितकाच खटाटोप. मींडेसाठीं डाव्या हाताशीं एक चाक असतें. तें फिरवितां स्वर सरकतो. 88 पट्ट्यांच्या प्रकारांत तर प्रत्येक पट्टी दाबल्यावर आणखी दाब दिला असतां फक्त त्याच पट्टीचा स्वर बदलावा, बाकीचे स्थिर राहावे, अशीहि योजना आहे. ज्यास खरी कळकळ आहे त्यास यांत शोधण्यासारखें पुष्कळ आहे. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनीं 1982 सालीं रोलंड कंपनीच्या सिंथेसायझरवर व तालयंत्रावर दहा राग बसवून त्यांची तबकडी काढिली. त्यांतील एक लहानसें यंत्र स्वरांवरून घसरत जाऊं शके, म्हणून रागदारीस तें उपयोगी पडलें. तबकडीकडे त्या वेळीं कोणी फारसें पाहिलें नाहीं. 2010 सालीं ती पुन्हां निघाली तेव्हां परदेशांतील लोक थक्क झाले. परंतु चरणजित सिंग अगोदर राग जाणत होते. यंत्र मागाहून आलें. अर्जावर सह्या करणाऱ्या किती मुलांस भूपाचा आरोह म्हणतां येईल, तें आम्ही येथें लिहीत नाहीं.

वाद्याची एक सोय आम्हांस शिकणाऱ्यास घातक वाटते. तीन पट्ट्या धरून ठेविल्या कीं यंत्र आपण होऊन त्यांचे तुकडे करून नाचवितें, खालीं ताल धरितें, वर झंकार सोडितें. ऐकणारे म्हणतात, पोराचा हात काय बसला आहे! हात बसलेला नसतो, टेंकलेला असतो. घरीं हें यंत्र आलेंच असेल तर पहिलीं दोन वर्षें ही सोय बंद ठेवावी, असें आम्ही पालकांस आग्रहानें सुचवितों.

आणखी एक गोष्ट, जी दुकानांत कोणी सांगत नाहीं. या वाद्यास स्वतःचा स्पीकर नाहीं. जो सुंदर आवाज आम्हीं वर वर्णिला तो चांगल्या कर्णयंत्रांतून किंवा चांगल्या, म्हणजे पुन्हां महाग, स्पीकरांतूनच निघतो. आमच्या प्रार्थनामंदिरांत भिंतीवर जे दोन जुने भोंगे आहेत त्यांतून मोंटाज व पांच हजारांचें खेळणें यांतील भेद मुख्याध्यापकांसहि कळणार नाहीं. शिवाय वीज गेली कीं सारें मुकें. ऑर्गनास पाय पुरतात.

प्रार्थनेचा प्रश्न निराळ्या दृष्टीनेंहि पाहिला पाहिजे. विजेचें वाद्य उपासनेस शोभत नाहीं, असें कांहीं वडील मंडळींचें म्हणणें आहे. तें आम्हांस मान्य नाहीं. स्तोत्रसंहितेच्या 150 व्या स्तोत्रांत शिंग, सतार, डफ, झांजा सर्वांस बोलावणें आहे. ज्या पेटीस आज आपण आपली म्हणतों ती तरी कोठली? पॅरिसमध्यें आलेक्सांद्र दबें यांनीं 1842 सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें, पुढें कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं तिला हातभाता लावून जमिनीवर बसविलें, आणि आज रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं पदें तिच्यावांचून म्हणावयाचीं तर कित्येक मंडळ्यांस चुकल्यासारखें होतें. ऑर्गन देखील परदेशचाच. पण मराठी रंगभूमीनें त्यास असा पदरांत घेतला कीं, नाट्यगीताची साथ म्हटली म्हणजे तोच आठवतो. वाद्य कोठून आलें याला महत्त्व नाहीं.

महत्त्व आहे तें त्यानें कोणाचें तोंड उघडतें आणि कोणाचें मिटतें याला. आमच्या शाळेच्या गायनवृंदांत चार आवाजांचीं गीतें म्हटलीं जातात. बास म्हणणारीं मुलें दरवर्षीं कशीबशीं सहा मिळतात; त्यांचे गळे नुकते फुटलेले, सूर सांपडण्यास दोनदोन महिने लागतात. मोंटाजमध्यें एका पट्टीवर बोट ठेवितांच चाळीस माणसें 'आ' म्हणूं लागतात, आणि तीं कधीं बेसूर होत नाहींत. असें यंत्र मंदिरांत आलें म्हणजे शनिवारीं सकाळीं सरावास येण्याचें त्या सहा मुलांस काय कारण उरलें? वृंदाच्या शिक्षकासहि मोह होईलच. नाताळास आठ दिवस उरले, मुलांचा बास बसत नाहीं, यंत्राचा तयार आहे. कोण किती दिवस थांबेल? अर्जांत असें लिहिलें आहे कीं, इतर ठिकाणीं मोठालीं वाद्यें असल्यामुळें आपले तरुण तिकडे ओढले जातात. ही तक्रार खोटी नाहीं व आम्ही ती हलकी लेखीत नाहीं. पण ते तरुण तिकडे जाऊन बहुधा ऐकतात. येथें ते गातात. हें उभयतांनीं ताडून पाहावें.

ज्या कंपनीच्या नांवानें हा सारा प्रपंच चालला आहे तिच्या मूळपुरुषाची हकीकत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तोराकुसू यामाहा हे घड्याळें व वैद्यकीय उपकरणें दुरुस्त करणारे कारागीर. 1887 सालीं हामामात्सू गांवच्या प्राथमिक शाळेंतील अमेरिकन ऑर्गन बिघडला, तेव्हां तो दुरुस्त करण्यास त्यांस बोलाविलें. यंत्र उघडून पाहतां पाहतां असें आपणांसहि करतां येईल, असें त्यांच्या मनानें घेतलें. त्यांनीं दुसरा ऑर्गन बनविला आणि तो कावडीस बांधून, हाकोनेचा घाट ओलांडून, टोकियोच्या संगीतशाळेंत नेला. तेथील परीक्षकांनीं सांगितलें कीं, घडण चांगली, पण स्वर जुळलेले नाहींत. यामाहा तेथेंच राहिले. सुमारें महिनाभर संगीताचें व स्वर जुळविण्याचें शास्त्र शिकले. परत जाऊन नवा ऑर्गन केला, तो पसंत पडला. 1897 सालीं त्यांची कंपनी रीतसर स्थापन झाली. तिच्या बोधचिन्हांत स्वर जुळविण्याचे तीन चिमटे आहेत. चारशें स्वरांचें हें यंत्र असें एका शाळेच्या मोडक्या ऑर्गनांतून निघालें आहे.

तेव्हां आमचें मत असें. प्रार्थनामंदिरासाठीं हें वाद्य घेऊं नये. संगीताच्या खोलींत मात्र वजनदार 88 पट्ट्यांचा एक साधा, स्वतःचा स्पीकर असलेला विजेवरील पियानो अवश्य यावा; त्याची किंमत मोंटाजच्या पुढें थोडी आहे, आणि बोटांस वळण लावण्याचें काम तो तितकेंच करितो. पालकांनीं नवशिक्या मुलास पेटी किंवा हळू-जोराचा भेद ओळखणारा कीबोर्ड घेऊन द्यावा. मुलगा दोन वर्षें टिकला, त्यास ध्वनिमुद्रणाच्या धंद्यांत खरोखरीच जावयाचें आहे असें दिसलें, तर तोच कीबोर्ड संगणकास जोडावा. 1983 सालीं निरनिराळ्या कंपन्यांनीं एकत्र येऊन 'मिडी' नांवाची जी समान भाषा ठरविली तिच्यामुळें कोणतेंहि वाद्य कोणत्याहि यंत्राशीं बोलूं शकतें, आणि संगणकावर आज जे आवाज थोड्या पैशांत मिळतात ते कांहीं हलके नसतात. एवढ्यावरहि ज्याची भूक भागणार नाहीं अशा मुलाच्या वडिलांनीं कर्ज न काढतां मोंटाज किंवा नॉटिलस घेतल्यास आम्ही त्यांस दोष देणार नाहीं. उलट ऐकावयास येऊं.

राहिला ऑर्गन. त्याच्या भात्याचें चामडें दोन ठिकाणीं विरलें आहे, मधल्या सप्तकांतील पंचम मुका झाला आहे व वरची एक पट्टी पावसाळ्यांत फुगून अडकते. मे महिन्याच्या सुटींत पहिल्या आठवड्यांत कारागीर येणार आहे. जिभा कशा काढतात, घासून कशा जुळवितात व चामडें कसें चढवितात, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं आपलीं नांवें आमच्याकडे द्यावींत. जागा लहान असल्यामुळें एका वेळीं आठांहून अधिक मुलें उभीं राहूं शकणार नाहींत. अर्जावर सह्या करणाऱ्यांस प्रथम घेऊं.